जुने कागद स्कॅन करायचे, की यंदापासून कागदच टाळायचा?

कंपनीचा कर विभाग कागदमुक्त करायचा म्हटलं की पहिली धाव स्कॅनरकडे. कपाटं रिकामी होतात, डोळ्यांना बरं वाटतं. पण स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) घेऊन ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, चालवलं तरी फिकट शिक्क्याखालचा ३ कधी ८ वाचला जातो, आणि बेरीज जुळेना की अख्खी दुपार त्यात जाते. फाइलचं नाव ‘स्कॅन००४७’ असेल, तर गठ्ठा उपसणं परवडलं.

दुसरा मार्ग म्हणजे चालू वर्षापासून इनव्हॉइस, वर्किंग (कराची आकडेमोड), मंजुरी सगळं मुळातच डिजिटल. आकड्यावर क्लिक केलं की मागचं सूत्र दिसतं. नोंदी ठेवणारी सिस्टिम असेल तर कोणी, कधी बदल केला तेही कळतं. कर तपासणीत खरा आधार याचाच. पेनाने टिक मारत तपासणाऱ्या अनुभवी मंडळींना सुरुवातीला जड जातं. त्यांना दोन स्क्रीन द्याच, एकावर विवरणपत्र, दुसऱ्यावर पुरावा.

मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. जुन्यातलं फक्त तपासणी किंवा अपील चालू असलेल्या वर्षांचं स्कॅन करा आणि पीडीएफ/ए स्वरूपात ठेवा. दीर्घकाळ जतनासाठीचं हे आयएसओ मानक २००५ पासून आहे. बाकीचे गठ्ठे कायद्याची मुदत संपेपर्यंत कपाटातच राहू द्या.