ऑगस्टातला हिरवा गहू

कृषी सहाय्यक म्हणून मी तेहतीस वर्षं नोकरी केली. कराड, पाटण, वाळवा अशा शिवारांतून एवढी वर्षं फिरल्यावर उभ्या पिकाकडे बघून महिना सांगता येतो. असं असून इटलीतल्या एका शेताच्या फोटोपायी आमचे ४८० युरो गेले, आणि पैसे पाठवले तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत चहा पीत बसलो होतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे म्युनिकला होतो. १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. तिकडे त्या दिवशी मेरीमातेच्या सणाची सुट्टी असते, म्हणजे जोडून तीन दिवस मिळाले. जावईबापू म्हणाले, बाबांना इटलीतली शेती दाखवू. तिथे शेतकऱ्याच्या घरी राहायची सोय असते, तिला आग्रितुरिझ्मो म्हणतात. मुख्य धंदा शेतीच हवा, पाहुणे जोडीला, असं तिथल्या २००६ च्या कायद्यातच आहे. हे ऐकून मी खूश. हॉटेलात राहायला मला पहिल्यापासून आवडत नाही.

पण आम्ही शोधायला लागलो तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. इटलीत त्याच १५ तारखेला फेर्रागोस्तो असतो आणि सगळा देश सुट्टीवर निघतो. सिएना शहराच्या आसपास जिथे बघावं तिथे जागा भरलेली, नाहीतर पाच माणसांचे दोन रात्रींचे सातशे-आठशे युरो. अशात एका बुकिंगच्या साइटवर एक घर ४८० ला दिसलं. दगडी घर, सरूच्या झाडांची रांग, दारात तुळशीवृंदावनासारखी विहीर. (ही उपमा आमच्या सौं.ची.) मालकाचं उत्तर पाच मिनिटांत आलं, तेही गोड इंग्रजीत. साइटवर कमिशन जातं, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, थेट बँकेत भरलेत तर हाच दर देतो. मात्र आणखी एक कुटुंब विचारतंय, तासाभरात कळवा. वर ओळखपत्राचा फोटो आणि "आज सकाळीच काढलेला" शेताचा फोटो.

तो फोटो लेकीनं मला दाखवला. टेकड्यांवर लाटांसारखा हिरवागार गहू, मधूनमधून तांबड्या पॉपीची फुलं. मी म्हटलं, "अगं, ऑगस्टात गहू हिरवा कसा?"

"बाबा, इथलं हवामान वेगळं असतं."

झालं. मी गप्प बसलो. आपल्याकडे गहू नोव्हेंबरात पेरतात, मार्चपर्यंत घरात येतो. थंड देशात वसंतात पेरत असतील, मनात म्हटलं. परक्या मुलखात माणूस आपल्याच विद्येबद्दल साशंक होतो, त्यात जावयासमोर शहाणपणा कशाला दाखवायचा. पैसे गेले तेही तत्काळ पोचणाऱ्या सोयीनं, म्हणजे दहा सेकंदांत समोरच्याच्या खात्यात. खातं इटालियन नावाचं होतं. पण आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाच्या सुरुवातीला इटलीचं 'आयटी' नव्हतं, 'एलटी' होतं. एलटी म्हणजे लिथुआनिया. कुठल्याही देशातलं खातं वापरणं हा काही गुन्हा नाही, पण सिएनाजवळच्या शेतकऱ्याचं खातं तिकडे कशाला, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं. अक्षरं बारीक, घाई मोठी.

म्युनिकहून ब्रेनरचा घाट ओलांडून सातशेएक किलोमीटर. सणाच्या गर्दीत आम्हाला अकरा तास लागले. नात मागे दोनदा ओकली. सिएना सोडून आग्नेयेला वळलो तसा डांबरी रस्ता संपला, पांढरी खडी सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही बाजूंना गहू नव्हताच. कापणी होऊन महिना उलटला असावा. कुठे नुसतं धसकट, कुठे नांगरून टाकलेली राखाडी चिकणमातीची ढेकळं, डोक्याएवढी. गव्हाच्या काडाच्या गोल गाठी उन्हात पडलेल्या. सूर्यफुलं माना टाकून वाळत होती.

"अहो, तुम्ही गव्हाचं विचारलं होतंत ना?" ही हळूच म्हणाली. गाडीत कुणी काही बोललं नाही.

घर मात्र होतं! तीच सरूची रांग, तीच विहीर. आम्हाला उगाच हायसं वाटलं. आतून सत्तरीच्या बाई आल्या, हातात ओलं फडकं. आम्ही मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ कळायला इटालियन यावं लागत नाही. त्यांच्या मुलाला इंग्रजी येत होतं. फोटो त्यांच्याच घराचे, एप्रिल-मेमध्ये काढलेले, त्यांच्याच पानावरून उचललेले. त्या उन्हाळ्यात असे फसून आलेले आम्ही तिसरे.

मग त्यानं दाराशेजारची पाटी दाखवली. पर्यटकांना ठेवणाऱ्या प्रत्येक जागेला तिथे एक राष्ट्रीय क्रमांक असतो, १ जानेवारी २०२५ पासून तो जाहिरातीत आणि दारावर लावणं सक्तीचं आहे. आमच्या जाहिरातीतही क्रमांक होता, म्हणून जावईबापू निर्धास्त होते. पण 'आयटी'नंतरचे सहा आकडे गावाचे असतात. सिएना जिल्ह्यातला क्रमांक असता तर ०५२ नं सुरू झाला असता. आमच्याकडचा होता ०५८०९१, म्हणजे रोम शहर. कुठल्या तरी फ्लॅटचा उचलला होता. सरकारी यादीत तो टाकून बघायला दोन मिनिटं पुरली असती.

त्यांच्याकडे एकही खोली रिकामी नव्हती. बाईंनी आम्हाला द्राक्षाच्या मांडवाखाली बसवलं, गार पाणी दिलं, कलिंगड कापलं. पैसे घेईनात. मी त्यांच्या मुलाला विचारलं, पेरणी केव्हा? ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. कापणी? जूनअखेर ते जुलै. पास्त्याचा कडक गहू. अर्धा तास आम्ही दोघं जमीन, पाऊस आणि रानडुकरांबद्दल बोललो. खरं सांगायचं तर साऱ्या सहलीत मला शेती भेटली ती तेवढीच.

रात्री फ्लॉरेन्सच्या बाहेर हमरस्त्यालगत एका मोटेलात १९० युरो मोजून झोपलो. सकाळी काराबिनिएरींच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, चौकीत तक्रार दिली. शिक्क्याचा कागद मिळाला, तो बँकेनं मागितलाच. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळायला समोरच्याची संमती लागेल. खातं केव्हाच रिकामं झालं होतं. युरो चालतो त्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५ पासून पैसे जाण्याआधी बँकेला नाव आणि खातं जुळतं का ते दाखवावं लागतं. आमचा व्यवहार दोन महिने आधीचा. तेव्हा नावाच्या रकान्यात काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.

हुरड्याला जायचं तरी आम्ही ओळखीच्या रानात जातो, नाहीतर आधी फोन करून चौकशी करतो. इथे घराच्या खऱ्या मालकांचा फोन त्यांच्या पानावर होता. लेकीनं नंतर तो फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं तर ते पान पहिलंच आलं.

जाहिरातीची तक्रार केल्यावर साइटनं ती चार दिवसांत काढली. परत यायच्या आदल्या आठवड्यात जावईबापूंनी सहज शोधलं. दुसऱ्या मालकाच्या नावानं तेच घर, भाडं वीस युरोनं कमी, सप्टेंबरात उपलब्ध. गहू हिरवाच.