बिननावाचे लॅन ॲडॉप्टर घेताय? आधी मॅक ॲड्रेस तपासा

आमचं साताऱ्यात अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपना लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) नसतो, म्हणून एका घाऊक दुकानदाराकडून यूएसबीचे लॅन ॲडॉप्टर मागवले. चांगल्या कंपनीचा नग हजाराच्या आसपास पडतो, याने अडीचशेला लावला. "माल तोच आहे सर, फक्त वर नाव नाही." पावती दिली ती कच्ची.

एकटा ॲडॉप्टर लावला की सगळं सुरळीत. दुसऱ्या लॅपटॉपला दुसरा लावला की पहिल्यावरची टॅली सर्व्हरपासून तुटायची. पहिला पुन्हा जोडला की दुसरा बाहेर. त्यात जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख तोंडावर. दुकानदारानेच आपला माणूस पाठवला. त्याने केबल बदलल्या, मग नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) गेलाय म्हणून नवा बसवला आणि साडेचार हजार घेतले. टेस्टिंग मात्र तो दर वेळी एकच लॅपटॉप लावून करायचा. दोन एकदम लावा म्हटलं की "आधी एक क्लिअर होऊ दे". दुखणं कुठंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, असं माझं मत आहे.

शेवटी आमच्याकडच्या ट्रेनी मुलीने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'गेटमॅक' (getmac) टाकलं. ही कमांड ॲडॉप्टरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा १२ अक्षरी नंबर दाखवते. दोन्ही लॅपटॉपवर बाराच्या बारा अक्षरं सारखी. मग उरलेले नग लावून पाहिले, त्यांचंही तेच. गंमत म्हणजे प्रत्येक ॲडॉप्टरच्या पाठीवर स्टिकर होतं आणि त्यावर छापलेला नंबर वेगवेगळा! आतला नंबर यातल्या एकाशीही जुळत नव्हता. म्हणजे नंबर वेगळे असायला हवेत हे स्टिकर छापणाऱ्याला नीट माहीत होतं.

मॅक ॲड्रेस हा नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर. ४८ बिटांचा, लिहिताना ० ते ९ आणि ए ते एफ यांतली १२ अक्षरं. पहिली ६ आयईईई ही संस्था कंपनीला नेमून देते, पुढची ६ कंपनीने प्रत्येक नगाला वेगळी द्यायची. कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे, हे स्विच येणाऱ्या डेटावरून स्वतःच शिकतो. दोघांचा मॅक एकच असला की जो शेवटी बोलला त्याच्याच पोर्टकडे सगळा डेटा वळतो. राउटरही मॅक बघूनच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो, त्यामुळे दोघांना आयपीसुद्धा एकच मिळाला होता. एकाच पॅनवर दोन करदाते रिटर्न भरायला बसावेत, तसला प्रकार. दोन यंत्रांचा आयपी एक झाला तर एरवी विंडोज इशारा देतं, पण तो समोरचा मॅक वेगळा दिसला तर. इथे तोही सारखाच, त्यामुळे इशारा नाही.

जाब विचारला तर दुकानदार म्हणाला, "चायनावाल्यांचे नंबर संपले असतील." ६ अक्षरांच्या एका गटात १,६७,७७,२१६ नंबर बसतात! आमच्या नगांवरची पहिली ६ अक्षरं इंटरनेटवर शोधली तर एका नामांकित चिप कंपनीची निघाली. तेव्हा निव्वळ त्यावरून माल अस्सल ठरवू नका, नक्कल करणारा तीही उचलतो.

घ्यायचेच असतील तर दुकानातच दोन नग एका लॅपटॉपला एकदम लावा, 'गेटमॅक' चालवा आणि नंबर स्टिकरशी ताडून बघा. याला दोन मिनिटं लागतात. दुकानदार कां कूं करायला लागला तर पुढचं दुकान गाठा. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल लिहून घ्या.

आधीच अडकला असाल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर 'नेटवर्क ॲड्रेस' असतो का बघा. तिथे प्रत्येकाला वेगळा नंबर देता येतो. दुसरं अक्षर २ ठेवा, असे नंबर स्थानिक वापरासाठीच राखलेले असतात. आमच्या नगांच्या ड्रायव्हरमध्ये ती सोयच नव्हती.

खूप भांडल्यावर दुकानदाराने माल बदलून दिला. नव्या नगांचे मॅक वेगळे आहेत, पण जुन्यांपेक्षा; आपापसात ते पुन्हा एकच. आता स्विचच्या रकमेसकट सगळे पैसे परत मागितलेत आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. तिथे पहिला प्रश्न आला तो बिलाचा.