लॅट-१ प्रथिन: तुकडा की अख्खं?

लॅट-१ हे पेशीच्या पटलातलं, ल्युसीनसारखी अमिनो आम्लं आत-बाहेर नेणारं प्रथिन. अँटिबॉडी तपासायला ई. कोलाय या जिवाणूत बनवून सुकवलेला त्याचा तुकडा पुरतो. एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी जिथे चिकटते तो भाग, त्यातच आहे ना, तेवढं बघून घ्या. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना पार्सल दिवसभर रखडलं, तरी हा तुकडा सहसा तग धरतो.

अमिनो आम्लांची वाहतूक मोजायची तर ५०७ अमिनो आम्लांचं अख्खं प्रथिनच हवं, आणि त्याचे लाड फार. ड्राय आइसवर मागवा, आल्याआल्या १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांत टाका. पातळ करताना बफरमध्ये ०.०२ टक्के डीडीएम (प्रथिन विरघळलेलं ठेवणारं डिटर्जंट) ठेवा, ०.००९ च्या खाली गेलात की प्रथिनाच्या गुठळ्या होतात. जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) चालवण्याआधी ९५ अंशांवर उकळू नका, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. नुसत्या द्रावणात वाहतूक दिसणार नाही: लायपोसोममध्ये (मेदाच्या सूक्ष्म पोकळ फुग्यांत) बसवून आत ल्युसीन भरा, कारण लॅट-१ फक्त अदलाबदल करतं: एक अमिनो आम्ल आत, तर एक बाहेर.