टीपीआय कमॅरोसाठी कोणता इनटेक घ्यावा? लांब रनर, सुपररॅम, स्टेल्थरॅम आणि मिनीरॅम

१९८५ ते १९९२ दरम्यानची टीपीआय (ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन) इंजिनाची जनरल मोटर्सची (जीएम) कमॅरो किंवा फायरबर्ड ज्याने चालवली आहे त्याला हे ठाऊक असतं: सिग्नल सुटला की गाडी झेपावते आणि साडेचार हजार आरपीएमच्या आसपास तिचा दम संपतो. यात इंजिनाच्या ब्लॉकचा काही दोष नाही. इनटेक व्हॉल्व्ह बंद झाला की हवेत दाबाची लाट उठते, ती रनरमधून, म्हणजे इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) नळीतून, वर जाऊन परत येते. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडा असताना ती पोचली तर सिलिंडरमध्ये जास्त हवा भरली जाते. बासरी लांब तर सूर खालचा, तसा रनर लांब तर हा फायदा कमी आरपीएमला मिळतो. जीएमने रनर मुद्दाम लांब ठेवले होते. म्हणून १९९१ च्या ५.७ लिटर झेड-२८ ला ३,२०० आरपीएमलाच ३४५ पौंड-फूट टॉर्क मिळतो, पण पॉवर २४५ एचपीवर अडते. १९९२ च्या कॉर्व्हेटमध्ये एलटी-१ इंजिन आलं तेव्हा जीएमनेच रनर अगदी आखूड केले आणि आकडा ३०० वर गेला. मात्र त्या इंजिनाची हेडही (सिलिंडरवरचे, व्हॉल्व्ह असलेले भाग) नवी होती, हे विसरून लोक नुसता इनटेक विकत घेतात.

माझं मत ठाम आहे: इनटेक कोणता घ्यायचा हे खालची हेड, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो ठरवतात. साडेपाच हजारांना हवा ओढायची ताकद हेडमध्येच नसेल, तर आखूड रनर लावून खालचा टॉर्क जाईल आणि वर काही मिळणार नाही.

५.० लिटरचं ३०५ (घन इंच) इंजिन आणि मूळ हेड असतील तर लांब रनरच ठेवा. जास्त व्यासाचे आफ्टरमार्केट रनर घ्या आणि त्यांच्याबरोबर खालचा बेसही (हेडवर बसणारा इनटेकचा भाग) पोर्ट करून, म्हणजे आतली वाट रुंद करून घ्या. नुसते रनर बदलले तर हवा बेसच्या अरुंद पोर्टमध्ये अडते आणि पैसे वाया जातात. फ्युएल रेल, सेन्सर, थ्रॉटल केबल, ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारी सोय) सगळं जागच्या जागी राहतं. शहरात रोज चालणाऱ्या गाडीला एवढं पुरतं.

सुपररॅम हा मधला मार्ग. बेस टीपीआयचाच, वर आखूड आणि रुंद रनर, मोठा प्लेनम (रनरच्या वरचा हवेचा डबा). खालचा टॉर्क बराचसा टिकतो आणि वर हजारभर आरपीएम जास्त मिळतात. कॅम बदललेल्या ३५० ला (५.७ लिटर) तो छान शोभतो. जुना घेत असाल तर सगळे भाग आहेत ना, गास्केटच्या कडा सपाट आहेत ना, हे हातात घेऊन बघा.

होलीचा स्टेल्थरॅम मला मनापासून आवडतो. सरळ खाली उतरणारे रनर, वर डबा, आणि ३८३ घन इंचाच्या इंजिनावर चांगली हेड असतील तर सहा हजारांपर्यंत इंजिन मोकळेपणाने फिरतं. पण तो उंच आहे. बॉनेटच्या आतली पट्टी बऱ्याचदा कापावी लागते. शिवाय लहान कॅपचा, बाहेर कॉइल असलेला डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा भाग) लागतो. १९८७ पासूनच्या गाड्यांत तो असतोच, १९८५-८६ वाल्यांनी तो खर्च आधीच धरावा.

मिनीरॅमची रचना एलटी-१ सारखी: सर्वांत आखूड रनर, बुटका, बॉनेटखाली निवांत बसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे २.७७ किंवा ३.२३ चा रेशो असेल तर गाडी सिग्नलवर सुस्त वाटेल. ३.७३ आणि मॅन्युअल, किंवा ऑटोमॅटिकला हाय-स्टॉल (जास्त आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर असेल तरच याच्याकडे वळा.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एक गोष्ट आधी पाहावी. तिथे १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी असते, आणि बदललेल्या इनटेकला कार्बचा (तिथल्या हवा मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा क्रमांक लागतो. स्टेल्थरॅम आणि मिनीरॅमवर ईजीआरची सोय नाही, त्यामुळे निवड आपोआप लांब रनरकडे झुकते.

ट्यूनिंगचा खर्चही वेगळा धरा. १९८९ पर्यंतच्या गाड्यांत मॅफ सेन्सर आहे. तो आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजतो, त्यामुळे बदल बऱ्यापैकी सांभाळून घेतो, पण ईसीएमचं (इंजिनाच्या संगणकाचं) मोजमाप सेकंदाला २५५ ग्रॅमवर संपतं. १९९० पासून स्पीड-डेन्सिटी (हवा न मोजता आरपीएम आणि दाबावरून अंदाज) आली. तिथे इनटेक बदलला की व्हीई टेबल (सिलिंडर किती भरतो याचा तक्ता) नव्याने भरून चिप जाळावीच, म्हणजे पुन्हा प्रोग्राम करावीच लागते.

ऑर्डर देण्याआधी हेडचं साल बघा. १९८७ पासूनच्या बिडाच्या हेडमध्ये इनटेकच्या मधल्या चार बोल्टांचा कोन बदलला. कॉर्व्हेटच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये आणि बहुतेक आफ्टरमार्केट हेडमध्ये जुनाच कोन आहे. बेस आणि हेड जुळत नसतील तर बोल्ट तिरका जातो, आणि जोर लावला की हेडमधले आटे जातात. म्हणून गास्केट न लावता बेस कोरडा ठेवून सगळे बोल्ट हाताने फिरवून पाहा. पक्का बसवताना ब्लॉकच्या पुढच्या आणि मागच्या कडांवर किटमधले रबरी सील वापरू नका, ते दाबले की सरकतात आणि तेल गळतं. तिथे सिलिकॉनची जाड, सलग ओळ द्या, कोपऱ्यांत गास्केटवर थोडी चढवा, आणि बेस सरळ वरून खाली ठेवा.