बॉस्टनची जुनी दफनभूमी: किंग्ज चॅपल की कॉप्स हिल?

भाचीकडे बॉस्टनमधली एकच दुपार मोकळी आहे आणि तिला पाटीच्या दगडाच्या कबरींवरचं कोरीवकाम पाहायचंय. दोन्हीकडे प्रवेश मोफत, म्हणजे खर्चाचा प्रश्न मिटला.

कोरीवकामात माझं मत किंग्ज चॅपलला. १६३० ची ही जागा चिमुकली, पण १६७८ मध्ये गेलेल्या जोसेफ टॅपिंगचा दगड इथे आहे. त्यावर सांगाडा मेणबत्ती विझवायला पुढे झालाय आणि दाढीवाला काळपुरुष त्याला अडवतोय. पाटीचा दगड बारीक कणांचा, म्हणूनच साडेतीनशे हिवाळ्यांनंतरही या रेषा वाचता येतात. मात्र थरांत पाणी गोठलं की त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून भाचे, हात लावू नकोस, कागद ठेवून ठसा घ्यायलाही बंदी आहे.

मजकुरात कॉप्स हिल सरस. १७६९ मध्ये वारलेल्या, ब्रिटिश करांना विरोध करणाऱ्या कॅप्टन डॅनियल माल्कमला दगडावर 'स्वातंत्र्याचा सच्चा पुत्र' म्हटलंय. त्यावरचे खळगे ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांचे, असं सांगतात. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटलेले प्रिन्स हॉलही इथेच विसावलेत.

चालणं कॉप्स हिलला जास्त, शिवाय टेकडीचा चढ. पण गर्दी कमी, शांतपणे वाचता येतं. किंग्ज चॅपलमधल्या दगडांच्या रांगा नंतर हलवल्यात, त्यामुळे दगडाखाली तीच व्यक्ती असेल असं नाही.

तासभरच असेल, चित्रं पाहायची असतील तर किंग्ज चॅपल. माणसांच्या कहाण्या हव्या असतील तर सरळ कॉप्स हिल गाठ.