घडीचा टायटॅनियम स्पॉर्क, वर्षभर वापरून: त्या कडीने वात आणला

चमच्यावर काय एवढं लिहायचं, असं वाटत असेल तर हे तुमच्यासाठी नाही. ट्रेकवाले टायटॅनियम का घेतात हे नव्याने सांगत बसत नाही. थेट कडीवर येते.

स्पॉर्क म्हणजे टोकाला काट्यासारखे दाते असलेला चमचा. घडीच्या स्पॉर्कचा दांडा मधोमध दुमडतो. उघडला की सांध्यावर एक छोटी कडी सरकवायची, म्हणजे तो ताठ राहतो. सगळी मदार त्या कडीवर. नवीन असताना ती इतकी घट्ट होती, की थंडीत गारठलेल्या बोटांना दाद द्यायची नाही. नंतर सैल होत गेली. पातळ काही खाताना जाणवत नाही. पण भांड्याच्या बुडाला चिकटलेलं खरवडायला जरा जोर लावला, की कडी मागे सरकते, स्पॉर्क मान टाकतो आणि गरम घास बोटांवर. मग दर दोन घासांनी अंगठ्याने कडी पुढे ढकलायची. जेवायचं, की कडीवर पहारा द्यायचा?

मागच्या ट्रेकला ती गवतात पडली ती पडलीच. राखाडी, नखाएवढी. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबक फिरवून शोधायचीही सोय नाही.

कंपनीला फोटो आणि बिल पाठवलं. उत्तर आलं की कडी हा सुटा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक आहे, मग विकत द्या. तर म्हणे सुटी कडी आम्ही विकत नाही. म्हणजे वॉरंटी मागितली की ती सुटी, विकत मागितली की स्पॉर्कचा अविभाज्य भाग! वर नव्या स्पॉर्कवर सवलत देऊ केली. एका कडीपायी अख्खा स्पॉर्क घ्यायला मी काही पैसे उधळायला बसलेले नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. दरम्यान एका मैत्रिणीचा लांब दांड्याचा अखंड टायटॅनियम चमचा वापरायला मिळाला, म्हणून आधीची दोन मतं बदलते.

पहिलं वजनाचं. घडीचा म्हणजे हलका, असं मी धरून चालले होते. दोन्ही वीस ग्रॅमच्या आसपासच निघाले. घडीने वाचते ती फक्त जागा: 750 मिलीच्या भांड्यात स्टोव्हशेजारी तो मावतो, लांब चमचा मावत नाही. पण लांब चमचा सॅकच्या कडेला उभा खोचता येतो की! शिवाय पाकिटात गरम पाणी ओतून खायचं जेवण असेल, तर आखूड चमच्याने बोटांची पेरं बरबटतात. लांब दांड्याने तळ गाठता येतो.

दुसरं खरखरीतपणाचं. माझ्या स्पॉर्कचा खोलगट भाग न घासलेला, मॅट आहे. ओठांना आणि दातांना लागला की अंगावर शहारा येतो. ही टायटॅनियमचीच खोड असेल असं वाटायचं. पण तिच्या चमच्याचा तोच भाग चकचकीत पॉलिश केलेला होता आणि काहीच जाणवलं नाही. दोष धातूचा नाही, फिनिशचा. मी पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासला, बराच सुधारला.

दात्यांबद्दल एवढंच: टोचायला आखूड, पण रस्सा गळायला पुरेसे. नॉनस्टिक भांड्यात तर लावूच नका, लेप खरवडून निघतो.

स्टीलचा चमचा का नाही, असं कुणी विचारेल. स्टीलची घनता 8च्या जवळ, टायटॅनियमची 4.5. पण एका चमच्यात हा फरक किती, तर पाण्याच्या दोन-तीन घोटांएवढा. सॅकचा प्रत्येक ग्रॅम मोजत नसाल, तर स्वयंपाकघरातला चमचा उचला आणि निघा.

माझा स्पॉर्क फेकलेला नाही. सांध्याभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळली आहे. आता तो दुमडत नाही, भांड्यातही मावत नाही, पण मानही टाकत नाही. तारेचं एक टोक टोचतं, ते पक्कडीने आत वळवायचंय. पाचपैकी दोन तारे, तेही पॉलिश पेपरनंतरचे.