भूलभुलैयातील वाट: बॅकट्रॅकिंग की बीएफएस?

भूलभुलैयातून वाट शोधणारा प्रोग्राम लिहायला घेतला की बहुतेकांना प्रथम बॅकट्रॅकिंगच सुचते: शेजारच्या मोकळ्या घरात जायचे, रस्ता खुंटला की एकेक पाऊल मागे यायचे आणि राहिलेली दिशा धरायची. बीएफएसमध्ये (ब्रेड्थ-फर्स्ट सर्च) मात्र आधी एका पावलावरची सर्व घरे, मग दोन पावलांवरची, असा शोध रांगेच्या आधाराने चहूबाजूंना पसरतो. निवड करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे आपल्याला कोणतीही एक वाट हवी आहे, सर्वांत जवळची हवी आहे, की सगळ्याच हव्या आहेत.

जवळची वाट हवी असेल, तर प्रत्येक पाऊल सारख्याच खर्चाचे असताना बीएफएस तिची हमी देते. बॅकट्रॅकिंग देत नाही. भिंती नसलेली १० × १० घरांची जाळी घ्या, सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि लक्ष्य त्याच्या लगेच खालच्या घरात ठेवा. उजवी, खालची, डावी, वरची या क्रमाने दिशा तपासणारे बॅकट्रॅकिंग आधी कडेकडेने फिरते, मग आतल्या ओळी नागमोडी पार करत सर्व १०० घरे पालथी घालते आणि एका पावलावरच्या घरी ९९ पावलांनी पोहोचते. भूलभुलैयात वळसे जुळतच नसतील, म्हणजे दोन घरांमध्ये एकच वाट असेल, तर हा फरक उरत नाही.

बीएफएस जास्त मेमरी खाते, हे सरसकट विधानही येथे फसवे आहे. वरच्याच रचनेत बाजू ३२ घरांची केली, तर बॅकट्रॅकिंगमधील रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याची, खोली १,०२४ होते आणि पायथन भाषेची १,००० ची मूळ मर्यादा ओलांडली जाते. बीएफएसच्या रांगेत मात्र एका वेळी साधारण एका कर्णावरची घरे असतात.

बॅकट्रॅकिंगची खरी मेख मागे फिरण्यासाठी लिहायच्या कोडमधल्या एका ओळीत आहे. भेट दिलेल्या घरावरची खूण तशीच ठेवली, तर प्रत्येक घर एकदाच तपासले जाते आणि काम घरांच्या संख्येच्या प्रमाणात राहते. खूण पुसली, तर तेच घर वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा गाठले जाते. सगळ्या वाटा मोजायच्या असतील तर पुसणे अनिवार्यच आहे, पण त्याची किंमत पाहा: मोकळ्या ६ × ६ जाळीत समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये घर न दुहेरावता जाणाऱ्या १२,६२,८१६ वाटा आहेत, तर ७ × ७ मध्ये ५७,५७,८०,५६४. एकच वाट हवी असतानाही खूण पुसणारी ही ओळ सवयीने लिहिली जाते. लक्ष्यापर्यंत रस्ताच नसेल, तर मध्यम आकाराच्या मोकळ्या जाळीवरही असा प्रोग्राम संपता संपत नाही, आणि दोष मात्र बॅकट्रॅकिंगच्या माथी मारला जातो.

घरांचा खर्च कमी-जास्त असेल, तर या दोन्ही पद्धती बाजूला ठेवून सर्वांत कमी एकूण खर्चाची वाट शोधणारी डायक्स्ट्राची पद्धत, किंवा लक्ष्याच्या अंतराचा अंदाज बांधता येत असेल तर हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ मध्ये मांडलेली ए-स्टार पद्धत घ्यावी.

सर्व घरांतून नेमके एकदा जाणारी वाट शोधताना मात्र साधे बीएफएस कामाचे नाही, कारण तेथे घराइतकीच तिथवर आलेली वाटही लक्षात ठेवावी लागते. तसेच अनोळखी भूलभुलैयात खरोखर चालणाऱ्या यंत्राला रांगेतल्या एका घरातून दूरच्या दुसऱ्या घरात उडी मारता येत नाही. त्याला आल्या वाटेने मागे फिरणे भागच असते.